गवा दिसला का?

हे सगळं बायकोच्या भावामुळे झालं. आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्यामुळेच होतात. तो अमेरिकेत असतो आणि तिथून आम्हाला फोटो पाठवतो. परवाच्या दिवाळीत त्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीतले फोटो पाठवले. एकूण तीनशे बारा. आठ दिवसांत पाच राष्ट्रीय उद्यानं, स्वतः गाडी चालवत, बायकोपोरांसह, आणि एकाही फोटोत कुणाचा चेहरा त्रासलेला नाही. त्यातल्या एका फोटोत यलोस्टोनचा बायसन भर रस्त्यात उभा होता आणि त्याच्यामागं पन्नासेक गाड्या थांबल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२. इथं कुणीही हॉर्न वाजवत नाही.’

हिनं आधी बायसनकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघांत तिनं काय तुलना केली कोण जाणे, पण निकाल माझ्या बाजूनं लागला नाही.

“दादा बघा, आठ दिवसांत पाच ठिकाणं. आपण पंधरा वर्षांत रंकाळा सोडून कुठं गेलोय?”

“जोतिबाला गेलो होतो की.”

“ते खेट्याला. चालत.”

कोल्हापूरच्या माणसाला काहीही बोला, तो हसण्यावारी नेईल. पण जगात कुठंतरी काहीतरी आहे आणि ते कोल्हापुरात नाही, असं म्हणायचा अवकाश, त्याचं रक्त उसळतं. मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, बायसनचं कौतुक आम्हाला सांगू नका. आमच्याकडे दाजीपूर आहे. छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान ते. महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं, आमचं अभयारण्य त्याच्याही आधी दोन वर्षं, १९५८ ला. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोनं २०१२ साली जागतिक वारसा म्हटलं, त्यात राधानगरी आहे. आणि तिथं गवा आहे! त्यांचा बायसन म्हणजे पुढून सिंह आणि मागून गाढव. आमचा गवा पुढून मागून सगळीकडून गवा. हजार किलोपर्यंत भरतो. तालमीतल्या पैलवानासारखे खांदे आणि गुडघ्याखाली चारी पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे.

“तुम्ही बघितलाय?”

“काय?”

“गवा.”

इथं मला एक गोष्ट कबूल करायला हवी. माझं वय बावन्न. जन्म कोल्हापूरचा, शाळा कोल्हापूरची, नोकरी कोल्हापूरची, आणि गवा मी कधीही पाहिलेला नव्हता. हे आमच्याकडे कुणी चारचौघांत बोलत नाही. गव्याबद्दल सगळे बोलतात. तो कुणाच्या उसात शिरला, कुणाच्या मोटारसायकलला आडवा आला, घाटात कसा रोखून बघत उभा होता. पण जरा खोलात गेलं की कळतं, प्रत्यक्ष बघणारा माणूस हा नेहमी सांगणाऱ्याचा मावसभाऊ असतो. आणि हल्ली तर गवा स्वतःच माणसांकडे यायला लागलाय. २०२० च्या डिसेंबरात एक थेट पुण्यात कोथरूडला पोहोचला. त्याला बघायला जी गर्दी उसळली तिनं त्या बिचाऱ्याचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो विषय इथंच सोडतो.

त्या रात्री मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बेत आखला. दोन दिवस. पहिल्या दिवशी पन्हाळा, मसाई पठार, आंबा घाट आणि चांदोली, म्हणजे २००४ साली झालेलं आमच्या हद्दीला लागलेलं राष्ट्रीय उद्यान. दुसऱ्या दिवशी गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर. कागदावर हे सगळं अंगठा आणि करंगळीच्या अंतरात बसत होतं.

मग बेताची बैठक झाली. आई म्हणाली, “मी मुक्कामाला येणार न्हाई. सांजच्याला गंगावेशीत दुधाला कोण जाणार?” आमच्याकडे पिशवीतलं दूध चालत नाही. कट्ट्यावर समोर उभ्या म्हशीची धार काढून घेतलेलं दूधच आईला दूध वाटतं, बाकी सगळं पांढरं पाणी. झालं, एक दिवस गळाला. पन्हाळ्याला साडूंनी हरकत घेतली: “पन्हाळा काय, पाहुणं आलं की बघतोयच की.” गगनबावड्यात हिवाळ्यात पाऊस नसतो आणि पावसाळ्यात धुक्यामुळे पाऊससुद्धा दिसत नाही, म्हणून गगनबावडा कटाप. राहिली चांदोली. ती एका दिवसात दाजीपूरबरोबर जमणार नाही असं सर्वानुमते ठरलं. राधानगरीच्या रानात २०२२ साली कॅमेऱ्यात सापडलेला एक वाघ २०२३ च्या डिसेंबरात तिकडं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पोहोचला होता. तो चालत गेला होता. आमच्याकडे जीप होती, पण त्याच्याबरोबर साडू नव्हते.

वार ठरवायलाच चार दिवस गेले. सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा, शनिवार कुणाचा. आता तुम्ही म्हणाल, जंगल बघण्याचा आणि उपासाचा काय संबंध? तुम्ही कोल्हापूरचे नसाल. आमच्याकडे सहल ही मटणाच्या पातेल्याभोवती आखली जाते. रस्सा मंडळ म्हणून एक संस्था आहे आमची. तिला ना कार्यालय ना घटना. चार डोकी, एक पातेलं आणि कुणाचं तरी शेत मिळालं की मंडळ स्थापन होतं आणि हात धुतले की विसर्जित होतं. दाजीपूरचा गवा हे निमित्त. म्हणून रविवार ठरला.

जीप साडूंनी बघितली. वडापची. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी: नऊ माणसांच्या जीपमध्ये एकोणीस माणसं आणि एक शेळी बसवून, “मागं सरका, अजून एक शीट हाय” असं म्हणणाऱ्या वाहनसेवेला वडाप म्हणतात. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. आम्ही अख्खी जीप दिवसाच्या बोलीवर घेतली होती. आई, ही, मी, आमचे चिरंजीव, साडू, मेव्हणी, त्यांची दोन पोरं आणि शेजारचे आप्पा. आप्पा न बोलावता येतात.

सकाळी सहाला निघायचं म्हणजे पावणेनऊला निघालो. दोन किलोमीटरवर पहिला मुक्काम झाला, कारण उपाशीपोटी राधानगरी रोडला लागायचं नसतं. मिसळ. साडूंनी तीन वेळा कट मागवला. घाम पुसत ते म्हणाले, “निसर्ग बघायचा तर अंगात जरा ऊब पायजे.”

रंकाळा मागं पडला आणि पुईखडीचा चढ लागला तशी ड्रायव्हरच्या अंगातली सवय जागी झाली. रस्त्याकडेला कुणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई.

“अहो, जीप आम्ही घेतलीय,” मी म्हटलं.

“होय की, तुमचीच हाय. पर मावशीस्नी हळदीला सोडायचं हाय, वाटंतच तर हाय.”

हळदीला मावशी उतरल्या आणि परित्याचे तिघे चढले. परित्याला तिघे उतरले आणि राधानगरीच्या बाजाराला निघालेली पाच माणसं आणि एक कोंबडी चढली. चिरंजीव कोंबडीच्या बाजूला बसले होते. मेव्हण्यानं पाठवलेल्या फोटोत सगळे ऐसपैस बसलेत, त्यांच्या मांडीवर नकाशे आहेत. माझ्या मांडीवर कुणाचा तरी मुलगा होता. त्याचं नाव अजून मला माहीत नाही.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऊसतोडीचा महिना. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांतून दोन्ही बाजूंना हात हात बाहेर आलेला ऊस, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्यानं गाणं की मागच्याचा हॉर्न त्याला तालासारखा वाटावा. एकामागं एक असे सात ट्रॅक्टर. आम्ही त्यांच्यामागं बैलगाडीच्या गतीनं चाललो. मी फोटो काढला. हुबेहूब मेव्हण्याच्या फोटोसारखा: पुढं रस्ता अडवून एक अवाढव्य धूड, मागं गाड्यांची रांग. फरक इतकाच की आमच्याकडे हॉर्न वाजवत नव्हता असा एकही जण नव्हता, आणि आमच्या पोरांनी त्या धुडातून चार कांडी उपसून खाल्ली. यलोस्टोनमध्ये बायसनला हात तरी लावून बघावा.

राधानगरीला धरण आलं आणि आप्पांना कंठ फुटला. कोल्हापूरच्या प्रत्येक सहलीत शाहू महाराजांवर बोलणारा एक माणूस असतो, आमच्यात आप्पा. महाराजांनी भोगावतीवर हे धरण कसं मनावर घेतलं, गावाला राजकन्या राधाबाईंचं नाव कसं दिलं, ते सगळं झालं. मग दरवाज्यांवर आले.

“सात दरवाजे. स्वयंचलित! पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. माणूस लागत न्हाई, वीज लागत न्हाई.”

“आणि बंद?” हिनं विचारलं.

“पाणी उतरलं की आपोआप बंद.”

ही जरा वेळ त्या दरवाज्यांकडे बघत राहिली. “आमच्या घरात एक पंखा आपोआप बंद होईल तर शपथ,” एवढंच म्हणाली. पंखा कोण चालू ठेवतं हे तिनं सांगितलं नाही. सभ्य बाई आहे.

दाजीपूरला पोहोचेपर्यंत एक वाजला. अभयारण्याच्या गेटावर पावती फाडली, बरोबर एक वाटाड्या मिळाला. शिडशिडीत, अबोल, खाकी टोपीतला. त्यानं नियम सांगितले: गाणी नाहीत, आरडाओरडा नाही, प्लास्टिक टाकायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही असं सांगितलं तिथं उतरायचं नाही. आम्ही माना डोलावल्या.

“आन चूल पेटवायची न्हाई.”

जीपमध्ये शांतता पसरली. साडूंचा चेहरा असा झाला की कुणी गेल्याचा निरोप आलाय. पायाशी तीन किलो मटण होतं, दोन पातेली, परात, लाकडंसुद्धा. साडूंनी जंगलात जाताना घरून लाकडं आणली होती.

वाटाघाटी झाल्या. गेटाबाहेरच्या वस्तीतल्या एका माउलीनं मटण रांधून द्यायचं कबूल केलं. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. दोन तास लागतील. पण मटण परक्या चुलीवर सोडून कसं जायचं? कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. साडू तात्काळ तयार झाले. आप्पा म्हणाले, “एकट्यावर कसं टाकायचं?” मेव्हणी म्हणाली, “मसाला मी घालतो, नवख्या माणसाला प्रमाण कळत न्हाई.” गवा बघायला म्हणून दोन महिने चाललेल्या मोहिमेतले तीन मोठे शिलेदार पातेल्यापाशी थांबले.

बाकीचे आत शिरलो. रस्ता म्हणजे लाल माती, दगड आणि खड्डे यांची आपसातली तडजोड. पण रान मात्र असं घट्ट की दुपारी दीडला संध्याकाळ झाल्यासारखं वाटावं. अंजनी, जांभूळ, हिरडा, वेलींचे दोरखंड. कुठंतरी वरून काहीतरी खसखसलं. वाटाड्यानं बोट केलं. शेकरू! लालसर तपकिरी, शेपटी हातभर लांब, या फांदीवरून त्या फांदीवर.

“आपल्या राज्याचा प्राणी,” मी चिरंजीवांना म्हटलं.

“खार हाय की,” चिरंजीव म्हणाले आणि मोबाइलला रेंज शोधायला लागले.

गवा मात्र सगळीकडे नुकताच होता. ठक्याच्या वाड्याकडून येणारी एक गाडी भेटली, आतला माणूस मान बाहेर काढून म्हणाला, “आत्ताच गेला बघा, पाच मिनटं झाली!” पुढं आणखी एक भेटली: “अठरांचा कळप! सात वाजता!” वाटाड्यानं झाडाचं घासून गुळगुळीत झालेलं खोड दाखवलं, हे गव्यानं अंग घासलेलं. चिखलात खूर दाखवला, माझ्या पंजाएवढा, त्यात पाणी साचलेलं आणि पाण्यात आभाळाचा तुकडा. मग शेण दाखवलं. “ताजं हाय,” तो आदरानं म्हणाला. आम्ही सगळे त्या शेणाभोवती गोल करून वाकलो. एक काळा शेणकिडा स्वतःपेक्षा मोठी गोळी मागच्या पायांनी ढकलत चालला होता. गोळी घसरायची, तो पुन्हा मागं जायचा, पुन्हा ढकलायचा. अख्ख्या अभयारण्यात तेवढा एक जीव आमच्याकडे ढुंकूनही न बघता आपलं काम करत होता. मी दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. ही म्हणाली, “एवढ्या लांब येऊन शेण काय बघताय?”

सावराई सड्यावर पोहोचलो. उघडा जांभ्याचा सडा, कडेनं रान, वारा. इथं गवे चरायला येतात म्हणाला. बसलो दबा धरून. पण कोल्हापूरच्या माणसाला हळू बोलता येत नाही. आमची कुजबूज फोंडा घाटातून खाली कोकणात ऐकू जाते. “दिसला काय गंऽ?” “न्हाई अजून!” “पलीकडं बघ, पलीकडं!” वाटाड्या कपाळाला हात लावून बसला. थोड्या वेळानं त्यानं नाक वर करून वास घेतला.

“पिशवीत काय हाय वहिनी?”

कांदा-लसूण चटणी होती. डबा उघडला होता. हिची पिशवी, पदर, दोन्ही पोरं, सगळ्यांना चटणीचा वास येत होता.

“गव्याचं नाक लय तिखट असतंय,” तो शांतपणे म्हणाला. “त्याला माणसाचा वास लांबनं लागतोय. हितं तर मसाल्यासकट आलाय.”

तरीही त्यानं हात वर केला. पलीकडच्या झाडीत काहीतरी हललं होतं. फांदी वाकली. काळं, मोठं, सावकाश. आम्ही श्वास रोखले. चिरंजीवांनीसुद्धा मोबाइल खाली केला. आणि त्याच क्षणाला मागून, जीपच्या टपावर उभं राहून, वीस वर्षांच्या सवयीनं, आमचा ड्रायव्हर गळ्याच्या शिरा ताणून ओरडला,

“ए कोल्हापूऽर, कोल्हापूऽर, कोल्हापूर! चला, टायम झाला!”

झाडीत जे काही होतं ते नंतर नव्हतं.

परत आलो तर तिघेही पातेल्याभोवती समाधानानं पेंगत होते. “मीठ बघायला” म्हणून त्यांनी जे काय बघितलं होतं, त्यात सुकं निम्मं संपलं होतं. उरलेलं आम्ही खाल्लं. त्या माउलीच्या पांढऱ्या रश्श्याबद्दल मी एवढंच म्हणेन की यलोस्टोनच्या तीनशे बारा फोटोंत एकही पातेलं नव्हतं, आणि त्या लोकांबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

जेवणानंतर जीपमध्ये कोण कुणाच्या खांद्यावर झोपलं ते सांगत नाही. जाग आली तेव्हा अंधार होता. समजलं ते असं: दाजीपूर सुटल्यावर तळ्याच्या कडेनं येताना टायर पंक्चर झाला, ड्रायव्हरनं गाडीखाली झोपून श्टेपनी बदलली, आम्हाला कुणालाच पत्ता नाही. आई तेवढी पुढच्या सीटवर जागी होती. गंगावेशीतलं दूध चुकलं म्हणून ती कुणाशी बोलत नव्हती. घरी येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आई आपणहून म्हणाली,

“काल ती म्हस कुणाची हुती रं?”

“कुठली म्हैस?”

“गाडी थांबली हुती तिथं. अगदी खिडकीपाशी येऊन हुबा ऱ्हायली. लय मोठी. आपल्या गंगावेशीत सुदीक एवढी न्हाई. शिंगं आशी वर वळल्याली. पर मालकाला काय अक्कल! चारी पायास्नी गुडघ्यापतुर चुना फासल्याला.”

माझ्या हातातली कपबशी वाजायला लागली.

“आई! मग उठवायचं नाहीस का आम्हाला?”

“म्हस बघायला उठवू व्हय? मी बघितलो की. मोतीबिंदू काढल्यापास्नं समदं चांगलं दिसतंय मला. हाड म्हनलो, गेली.”

मी ड्रायव्हरला फोन लावला. तो जरा वेळ आठवत राहिला. “व्हय साहेब, गाडीखाली हुतो तवा बाजूला कुनीतरी पांढरं मोजं घालून हुबा हुतं खरं. मला वाटलं आप्पा. ‘जरा टामी द्या’ म्हनलो. दिली न्हाई. भायेर येऊन बघतोय तर कोन न्हाई.”

संध्याकाळी अमेरिकेतून मेव्हण्याचा निरोप आला, “जिजाजी, गवा दिसला का?” मी लिहिलं, “दिसला. अगदी जवळून.” कुणाला, ते त्यानं विचारलं नाही.